चिकणमाती-ह्यूमस संकुल

चिकणमाती-ह्यूमस संकुल म्हणजे मातीतील अतिसूक्ष्म खनिज पत्र्यांच्या पृष्ठावर व कडांवर सेंद्रिय रेणू घट्ट बसून तयार झालेला संयुक्त पदार्थ. रसायनशास्त्राच्या परिभाषेत हा निसर्गात घडलेला संकरित (सेंद्रिय-असेंद्रिय) नॅनोपदार्थ आहे. त्याचा असेंद्रिय घटक सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा एक अब्जांश इतक्या जाडीचा असतो. त्याचे गुणधर्म या दोन घटकांच्या बेरजेपेक्षा त्यांच्यामधील आंतरपृष्ठावर अधिक अवलंबून असतात. दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनीचा रंग, तिचे भेगाळणे, फुगणे, पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता आणि चुकीच्या सिंचनाने होणारा तिचा ऱ्हास यांचे स्पष्टीकरण या आंतरपृष्ठाच्या भौतिकी रसायनशास्त्रात सापडते. पुणे जिल्ह्यातील निमोणे (तालुका शिरूर) आणि शिरूर-दौंड परिसरातील नदीकाठच्या काळ्या जमिनी हे या संकुलाचे सहज पाहता येण्याजोगे उदाहरण आहे.

खनिज बाजू

दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांतील बेसाल्ट खडकाचे आहे. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह भरपूर असते. कमी पावसाच्या प्रदेशात हा खडक झिजताना ही मूलद्रव्ये पूर्णपणे वाहून जात नाहीत. आधी त्याचा मुरूम होतो आणि पुढे मुरमापासून स्मेक्टाइट गटातील खनिजे तयार होतात. माँटमोरिलोनाइट हे या गटातील सर्वांत परिचित खनिज होय. कोकणातील अतिवृष्टीच्या प्रदेशात त्याच बेसाल्टपासून जांभा तयार होतो. तेथे केओलिनाइट आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात. एकाच खडकापासून इतक्या भिन्न जमिनी होण्यामागे मुख्यतः पाण्याच्या निचऱ्याचा फरक आहे.

स्मेक्टाइटचा प्रत्येक पत्रा तिहेरी असतो. सिलिकाच्या दोन चौफलकी थरांच्या मध्ये ॲल्युमिनाचा एक अष्टफलकी थर असतो. पत्र्याची जाडी सुमारे १ नॅनोमीटर असली, तरी त्याची लांबी-रुंदी काहीशे नॅनोमीटरपर्यंत असू शकते. स्फटिक तयार होताना काही ठिकाणी त्रिसंयुजी ॲल्युमिनियमची जागा द्विसंयुजी मॅग्नेशियम घेते, तर काही ठिकाणी सिलिकॉनची जागा ॲल्युमिनियम घेते. त्यामुळे पत्र्यावर कायमचा ऋण विद्युत् भार राहतो. हा भार मातीच्या सामूवर अवलंबून नसतो. पत्र्याच्या कडांची गोष्ट वेगळी आहे. तेथे तुटलेल्या बंधांच्या जागी हायड्रॉक्सिल गट असतात. ते आम्लधर्मी परिस्थितीत प्रोटॉन घेऊन धनभारित आणि अल्कधर्मी परिस्थितीत प्रोटॉन सोडून ऋणभारित होतात. एकाच कणाला अशी दोन स्वभावांची पृष्ठे असतात, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढील वर्तन समजत नाही.

शुद्ध स्मेक्टाइटचे एकूण पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे ७०० ते ८०० चौरस मीटर भरते. केओलिनाइटचे पृष्ठफळ साधारण १० ते २० चौरस मीटरच असते. स्मेक्टाइटची धनायन विनिमय क्षमता दर १०० ग्रॅमला सुमारे ८० ते १२० मिलिसममूल्य इतकी असते. १०० मिलिसममूल्य भार ७५० चौरस मीटर दर ग्रॅम इतक्या पृष्ठावर पसरला, तर दर १.२५ चौरस नॅनोमीटरला एक ऋणभार येतो. हा भार संतुलित करण्यासाठी पत्र्यांच्या मधल्या जागेत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम इत्यादी धनायन जलरेणूंच्या वेढ्यासह राहतात.

सेंद्रिय बाजू

वनस्पतींचे अवशेष, मुळांतून स्रवणारी द्रव्ये, शेणखत आणि मुख्यतः सूक्ष्मजीवांचे मृत अवशेष यांच्या विघटनातून मातीत सेंद्रिय पदार्थ येतात. ह्यूमस म्हणजे विघटनानंतर नव्याने जोडले गेलेले, अतिशय मोठ्या व गुंतागुंतीच्या रेणूंचे एक खास द्रव्य, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. योहानेस लेहमान व मार्कुस क्लेबर यांनी २०१५ मध्ये या कल्पनेची चिकित्सा केली. मातीतील सेंद्रिय पदार्थ म्हणजे विघटनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरील लहान-मोठ्या रेणूंची एक सलग मालिका आहे, असे त्यांनी मांडले. या दृष्टीने पाहता एखादा रेणू मातीत टिकतो तो स्वतःच्या चिवट रचनेमुळेच असे नाही. तो कोठे बसला आहे, यावरही त्याचे टिकणे अवलंबून असते. खनिज पृष्ठाला चिकटलेल्या किंवा मातीच्या कणसमूहात अडकलेल्या रेणूपर्यंत सूक्ष्मजीवांची विकरे सहज पोहोचत नाहीत. ‘ह्यूमस’ हा शब्द मात्र शेतीच्या व्यवहारात रुळलेला असून या लेखात तो मातीतील विघटित सेंद्रिय पदार्थ अशा व्यापक अर्थाने वापरला आहे.

या रेणूंवर कार्बॉक्सिल, फिनॉलिक हायड्रॉक्सिल व अमिनो गट असतात. काळ्या जमिनीच्या अल्कधर्मी सामूत (साधारणपणे ८ च्या आसपास) कार्बॉक्सिल गट प्रोटॉन गमावून ऋणभारित झालेले असतात. येथे प्रश्न उभा राहतो तो असा, की पत्राही ऋणभारित आणि सेंद्रिय रेणूही ऋणभारित असताना दोघे एकमेकांना चिकटतात कसे?

आंतरपृष्ठावरील बंध

याचे पहिले उत्तर धनायन-सेतू हे आहे. कॅल्शियमसारखा द्विसंयुजी आयन एका बाजूने पत्र्याच्या ऋणभाराशी आणि दुसऱ्या बाजूने कार्बॉक्सिल गटाशी जोडला जातो. कधी तो कार्बॉक्सिलला थेट धरतो, तर कधी स्वतःभोवतीच्या जलरेणूमार्फत धरतो. या दुसऱ्या प्रकाराला जलसेतू म्हणतात. एकसंयुजी सोडियमला अशी दुहेरी पकड जमत नाही. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅल्शियम मुबलक असल्याने तेथे धनायन-सेतूला विशेष महत्त्व आहे.

दुसरी यंत्रणा लिगँड विनिमयाची आहे. पत्र्याच्या कडेवरील किंवा लोह-ॲल्युमिनियम ऑक्साइडांवरील हायड्रॉक्सिल गट निघून जातो आणि त्याच्या जागी कार्बॉक्सिलचा ऑक्सिजन थेट धातूच्या अणूशी जोडला जातो. हा बंध मजबूत असतो, मात्र तो आम्लधर्मी जमिनीत अधिक सहज घडतो. कोकणातील जांभ्या जमिनीत ही यंत्रणा जितकी प्रभावी ठरते, तितकी ती दख्खनच्या काळ्या जमिनीत ठरत नाही. प्रथिनांतील धनभारित अमिनो गट पत्र्यांमधील धनायनांची जागा घेऊन आत शिरू शकतात. याखेरीज हायड्रोजन बंध आणि व्हान डर वाल्स आकर्षण ही बले असतात. एकेका जागी ती क्षीण असली, तरी लांब साखळीचा रेणू पृष्ठाला शेकडो ठिकाणी स्पर्श करतो. तो सुटण्यासाठी हे सर्व स्पर्श एकाच वेळी तुटावे लागतात, आणि तसे घडण्याची शक्यता नगण्य असते. बहुवारिकांचे अधिशोषण व्यवहारात जवळजवळ अपरिवर्तनीय दिसते ते यामुळेच.

एंट्रॉपीचा वाटाही यात मोठा आहे. कोरड्या कल्पनेने पाहिले तर मोकळा रेणू पृष्ठावर बसणे म्हणजे अव्यवस्था कमी होणे. पण एक मोठा रेणू बसताना पृष्ठावरील व स्वतःभोवतीचे अनेक जलरेणू मोकळे करतो. एकूण हिशोबात अव्यवस्था वाढते आणि मुक्त ऊर्जा घटते. जलविरोधी भाग असलेल्या रेणूंच्या बाबतीत हा परिणाम अधिक ठळक असतो.

सेंद्रिय पदार्थ खनिजावर रंगाच्या लेपासारखा सर्वत्र पसरलेला असतो, असे अनेकदा गृहीत धरले जाते. साध्या हिशोबाने ते खोडून काढता येते. मातीत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के असेल, तर रूढ १.७२४ या गुणकाने सेंद्रिय पदार्थ सुमारे ०.८६ टक्के, म्हणजे दर ग्रॅम मातीत ८.६ मिलिग्रॅम होतो. त्याची घनता १.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरल्यास आकारमान सुमारे ६.६ घन मिलिमीटर येते. मातीत निम्मी चिकणमाती असून तिचे बाहेरून पोहोचण्याजोगे पृष्ठ दर ग्रॅम मातीला केवळ ४० चौरस मीटर धरले, तरी लेपाची जाडी सुमारे ०.१७ नॅनोमीटर भरते. ही जाडी एका रेणूपेक्षाही कमी आहे. पत्र्यांमधील आतले पृष्ठ मोजले तर ती आणखी कितीतरी घटते. अर्थात सेंद्रिय पदार्थ ठिकठिकाणी, मुख्यतः कडा, खाचा व खडबडीत जागी, बेटांसारखा बसलेला असतो आणि खनिज पृष्ठाचा मोठा भाग उघडाच राहतो.

एवढ्या अल्प सेंद्रिय पदार्थाने जमीन इतकी काळी कशी दिसते, हा जुना वाद आहे. एके काळी टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट या काळ्या खनिजाकडे बोट दाखवले जाई. स्मेक्टाइटशी घट्ट जोडलेला ह्यूमस थोडा असला तरी गडद रंग देतो, हे स्पष्टीकरण आता अधिक ग्राह्य मानले जाते. काळा रंग पाहून जमिनीत कर्ब भरपूर आहे असे अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरते.

विद्युत् द्विस्तर आणि फुगणे

ऋणभारित पत्र्याजवळ धनायनांची गर्दी असते आणि ती अंतराबरोबर विरळ होत जाते. पृष्ठभार आणि या आयनांचा मेघ मिळून विद्युत् द्विस्तर होतो. त्याचे गणिती वर्णन गुई (१९१०) व चॅपमन (१९१३) यांनी केले आणि पृष्ठाला चिकटून असलेल्या आयनांचा वेगळा थर १९२४ मध्ये श्टेर्न यांनी त्यात जोडला. मेघाची जाडी द्रावणातील क्षारांवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला ०.००१ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये ती सुमारे ९.६ नॅनोमीटर, ०.०१ मोलरमध्ये ३ नॅनोमीटर आणि ०.१ मोलरमध्ये जेमतेम १ नॅनोमीटर असते. आयन द्विसंयुजी असतील तर ती आणखी आकसते.

दोन कण जवळ आले की त्यांचे मेघ एकमेकांवर येऊन प्रतिकर्षण होते, तर व्हान डर वाल्स बल त्यांना जवळ ओढते. या ओढाताणीचा सिद्धान्त रशियातील देर्यागिन व लांडाऊ (१९४१) आणि नेदरलँड्समधील फेरवे व ओव्हरबेक (१९४८) यांनी स्वतंत्रपणे मांडला. मेघ पातळ असेल तर आकर्षण जिंकते व कण गोळा होतात, आणि मेघ जाड असेल तर कण विखुरलेले राहतात.

के. नॉरिश यांच्या १९५४ मधील क्ष-किरण अभ्यासाने कॅल्शियम व सोडियम यांतील फरक स्पष्ट झाला. पाणी मिळाल्यावर कॅल्शियमयुक्त माँटमोरिलोनाइटचे पत्रे पायरीपायरीने दूर होतात, पण पत्र्यांचे अंतर सुमारे १.९ नॅनोमीटरवर थांबते. सोडियमयुक्त खनिज विरल द्रावणात ही मर्यादा ओलांडून एकदम ४ नॅनोमीटरच्या आसपास उडी घेते व पुढेही फुगत राहते. पहिल्या प्रकारात पत्र्यांच्या गड्ड्या शाबूत राहतात, तर दुसऱ्यात त्या सुट्या होतात. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडेपर्यंत आकसते, हे स्मेक्टाइटचेच लक्षण आहे. भेगांत वरची भुसभुशीत माती पडून जमीन आपोआप खालीवर होते. वाफसा येणे, म्हणजे मशागतीला योग्य इतकाच ओलावा जमिनीत उरणे, ही शेतकऱ्याची कसोटीही याच आंतरपृष्ठावरील पाण्याची आहे. काळ्या जमिनीत तिची मुदत फार थोडी असते. ती हुकली तर जमीन एकतर चिखल असते किंवा ढेकूळ.

शिरूर-दौंड परिसर

निमोणे व भोवतालचा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वार्षिक पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर असून बाष्पीभवन त्याच्या कितीतरी पट असते. माळावर उथळ मुरमाड जमीन आणि घोड व भीमा नद्यांच्या काठी खोल काळी जमीन अशी येथील सर्वसाधारण रचना आहे. शिरूर तालुक्यातीलच घोडकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वसाहत उजेडात आली. म्हणजे या खोऱ्यातील माती तीन हजारांहून अधिक वर्षे कसली जात आहे. गावाची ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा, हा जुना शब्दभेदही मातीच्या स्वभावावरच बेतलेला आहे. घराची जमीन शेणाने सारवण्याच्या प्रथेत शेणातील चिकट सेंद्रिय द्रव्ये माती बांधून ठेवतात. भिंतीच्या मातीत भुसा कालवल्याने भेगा आवरतात, त्याचे कारण मात्र मुख्यतः तंतूंचे यांत्रिक बळ हे असते.

विसाव्या शतकात घोड नदीवर चिंचणी येथे बांधलेले धरण, दौंडकडे जाणारे मुठा कालवे आणि विहिरी यांमुळे परिसरात बारमाही पाणी व ऊस आला. त्याचबरोबर आंतरपृष्ठाचे रसायनही बदलू लागले. सिंचनाच्या पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट, पाणी आटताना, चुनखडीच्या रूपाने अवक्षेपित होतात आणि द्रावणात सोडियमचे प्रमाण वाढते. शिवाय विनिमयाचा नियमही सोडियमच्या बाजूने जातो. पत्र्यावर किती सोडियम बसेल हे सोडियमची संहती भागिले कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या संहतीचे वर्गमूळ या गुणोत्तरावर ठरते. गॅपॉन यांनी १९३३ मध्ये मांडलेले समीकरण याच स्वरूपाचे आहे. द्रावण आटून दहापट घट्ट झाले, तर काहीही अवक्षेपित न होताही हे गुणोत्तर ३.१६ पट होते. उन्हाळा सोडियमला मदत करतो, असे याचे सार सांगता येईल.

विनिमयक्षम सोडियम वाढला की कॅल्शियमचे सेतू तुटतात, द्विस्तर जाड होतो, गड्ड्या सुटतात आणि सूक्ष्म कण मातीची छिद्रे बुजवतात. जमीन चोपण होते. पाणी वर साचते, पण मुरत नाही. सेतू गमावलेला ह्यूमस अल्कधर्मी पाण्यात विरघळून वर येतो आणि सुकल्यावर काळपट डाग ठेवतो. संकुल मोडल्याची ही डोळ्यांना दिसणारी खूण होय. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असणे ही चोपण जमिनीची प्रचलित मर्यादा १९५४ मध्ये अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने घातली. विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या अभ्यासांत मात्र सुमारे ५ टक्के सोडियमनेही काळ्या जमिनीचा निचरा बिघडतो असे आढळले. स्मेक्टाइटबहुल जमिनीसाठी १५ ची मर्यादा फार सैल आहे.

पुणे जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. नीरा डाव्या कालव्याखालील जमिनी खारावल्याची नोंद घेऊन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी व्ही. ए. तम्हाणे यांच्यासह १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. १९३२ मध्ये सुरू झालेल्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्राच्या काळात जे. के. बसू व एस. एस. शिरूर यांनी दख्खन कालव्यांखालील मातीचे वर्गीकरण केले (१९३८).

साधी चाचणी

संकुल शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. डब्ल्यू. इमर्सन यांनी १९६७ मध्ये वर्णन केलेली चाचणी शाळेतही करता येते. वाळलेला मातीचा लहान खडा काचेच्या पेल्यातील ऊर्ध्वपातित किंवा पावसाच्या पाण्यात न हलवता सोडतात. खडा विरघळल्यासारखा ढासळला पण पाणी स्वच्छ राहिले, तर आत अडकलेल्या हवेच्या दाबाने कणसमूह फुटला असून चिकणमाती गोळा झालेलीच आहे. सेंद्रिय पदार्थ वाढल्यास हे ढासळणे कमी होते. खड्याभोवती दुधाळ ढग पसरला, तर कण विखुरत आहेत आणि सोडियमचा संशय घ्यावा. विहिरीचे पाणी वापरल्यास त्यातील क्षारांमुळे द्विस्तर आकसतो व दोष झाकला जातो. शेतातही नेमके हेच घडते. खारे पाणी देत असेपर्यंत जमीन बरी दिसते आणि पहिल्या मोठ्या पावसात क्षार धुऊन गेल्यावर घट्ट बसते.

सुधारणा

उपायाची दिशा कॅल्शियम परत आणण्याची आहे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला हुसकावतो आणि विद्राव्य सोडियम सल्फेट तयार होते. ते वाहून जाण्यास चर किंवा भूमिगत निचरा नसेल तर जिप्सम वाया जाते. ज्या जमिनीत चुनखडी आधीच आहे, तेथे गंधक किंवा भरपूर सेंद्रिय खत देऊन तिच्यातील कॅल्शियम मोकळा करता येतो. गंधकाचे जिवाणूंमुळे आम्ल बनते, तर सेंद्रिय पदार्थाच्या विघटनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड चुनखडी विरघळवतो. ताग किंवा धैंचा गाडणे, उसाचे पाचट न जाळता शेतात ठेवणे यांचा परिणाम दुहेरी असतो. त्यांतून कॅल्शियम सुटतो आणि सेतूला धरण्यासाठी नवे रेणूही मिळतात. अर्धशुष्क हवामानात विघटन जलद होत असल्याने हे काम दरवर्षी करावे लागते.

मृदा आरोग्य पत्रिकेवरील सेंद्रिय कर्बाचा आकडा सामान्यतः वॉकली व ब्लॅक यांच्या १९३४ च्या पद्धतीने काढलेला असतो. भारतात ०.५ टक्क्यांखालील प्रमाण कमी समजतात. हा आकडा सेंद्रिय कर्बाचे एकत्रित प्रमाण सांगतो. त्यांपैकी किती खनिजाला बांधलेला आहे आणि किती सुटा काडीकचरा आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मातीचे घनतेनुसार किंवा कणांच्या आकारानुसार विभाजन करावे लागते.

मानवनिर्मित समांतर पदार्थ

हीच तत्त्वे कृत्रिम संकरित पदार्थांतही वापरली जातात. मेसोअमेरिकेतील माया लोकांचा निळा रंग म्हणजे पॅलिगोर्स्काइट या चिकण खनिजात बसवलेली नीळ होय. एरवी लवकर फिकी पडणारी नीळ त्यात शतकानुशतके टिकली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी माँटमोरिलोनाइटमधील सोडियमच्या जागी सेंद्रिय अमोनियम आयन बसवले आणि काही टक्के खनिजानेच नायलॉनची ताकद व उष्णतारोधकता वाढवली. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण मिळवल्याचे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्कातील अल्डिहाइड व कीटोन रेणू सोन्याच्या पृष्ठाशी जोडले गेल्याने सुरुवातीचे गोल कण द्रवासारखे वागतात आणि सामान्य तापमानालाच एकमेकांत मिसळून सपाट त्रिकोण बनतात, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.